इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचंय? आधी सनद, मग एसक्यूई

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठी आता सगळ्यांना एकच परीक्षा आहे : सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, म्हणजे एसक्यूई. ती १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. त्याआधी परदेशी वकिलांसाठी वेगळी परीक्षा होती आणि तिथल्या विद्यार्थ्यांसाठी एलपीसी (लीगल प्रॅक्टिस कोर्स) हा कोर्स व ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे फर्ममधली उमेदवारी. जुन्या रस्त्यावर आधीच असलेल्यांना २०३२ च्या अखेरपर्यंत मुभा आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याचा विचार करू नये. नियम एसआरए, म्हणजे सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी ठरवते. परीक्षा तिच्या वतीने कॅप्लान घेते. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी आहे. मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखालची उमेदवारी) करून दिली जाणारी सॉलिसिटरची परीक्षा ही तर पूर्णच वेगळी गोष्ट आहे. ती पास झाल्याने एसक्यूई टळत नाही.

अटी चार : कोणत्याही शाखेची पदवी, एसक्यूईचे दोन्ही टप्पे, दोन वर्षांचा पात्र अनुभव आणि चारित्र्याची तपासणी. बहुतेक जण थेट परीक्षेच्या पुस्तकांना हात घालतात आणि कागद, अनुभव, व्हिसा या गोष्टी 'नंतर बघू' म्हणून ठेवतात. वर्षं वाया जातात ती तिथे.

सनद घेऊनच निघा

एलएलबी झाल्यावर लगेच एलएलएमसाठी विमान पकडणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. एसआरएच्या दृष्टीने तुम्ही 'कायद्याचे पदवीधर' असाल, तर दोन वर्षांचा पात्र अनुभव दाखवणं बंधनकारक आहे. पण तुम्ही आपल्या देशात वकिली करण्याचा हक्क असलेले वकील असाल, तर ती अट लागत नाही. म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, वकिलीचा परवाना, तुमची दोन वर्षांची अट वाचवते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर नोंदणीची फी खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे, वर मुद्रांक शुल्क. इतक्या स्वस्तात इतका मोठा फायदा या सगळ्या प्रवासात दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

नुसती सनद हातात आली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. २००९-१० पासून पुढे पदवी घेतलेल्यांना ऑल इंडिया बार परीक्षा, एआयबीई, पास करावी लागते. तोवर नोंदणी तात्पुरती असते. इंग्लंडला दाखवायचा तो 'वकिली करण्याचा हक्क' या परीक्षेनंतरच पूर्ण होतो. म्हणून क्रम असा ठेवा : निकाल, सनद, एआयबीई, सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस आणि मग परदेश.

एक खाच आहे. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. तशी नोकरी धरली तर कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस स्थगित करावी लागते. परदेशात नोकरी घेण्याआधी हे प्रकरण कौन्सिलमध्ये लेखी मिटवा आणि त्याचा पुढे लागणाऱ्या 'गुड स्टँडिंग'च्या (वकील म्हणून तुमची नोंद स्वच्छ असल्याच्या) दाखल्यावर काय परिणाम होईल तेही विचारून घ्या. न कळवता नोकरी केली आणि अर्जात मात्र 'वकील' म्हणवून घेतलं, तर मूळ चुकीपेक्षा ती लपवण्याचाच त्रास जास्त होतो.

नावाचा घोळ

मराठी उमेदवारांची हमखास अडकण्याची जागा म्हणजे नाव. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि पुष्कळदा शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. सनदेवर तिसराच क्रम. लग्नानंतर नाव बदललं असेल तर चौथा प्रकार. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, आणि फी बुडते.

यावर उपाय सरळ आहे. पासपोर्टवरचं नाव हेच मूळ धरा. एसक्यूईचं खातं, एसआरएचं खातं, परीक्षेचं बुकिंग, सगळीकडे अगदी तेच नाव, त्याच स्पेलिंगने. बाकी कागदांवरचा फरक एका प्रतिज्ञापत्राने जोडून घ्या. नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा. आईवडिलांच्या नावाची जोडाक्षरं दोन कागदांवर दोन स्पेलिंगने आली असतील तर तीही आत्ताच तपासा.

गुड स्टँडिंगचा दाखला आणि पोलिस क्लिअरन्स मात्र लवकर काढून ठेवू नका. दोन्ही ताजे लागतात आणि ते शेवटी एसआरएकडे सॉलिसिटर म्हणून नाव नोंदवण्याच्या अर्जाच्या वेळचं काम आहे. मिळायला किती दिवस लागतात एवढं आधी विचारून ठेवा.

एसक्यूई १ : स्मरणशक्तीपेक्षा विसरण्याची परीक्षा

पहिल्या टप्प्यात एफएलके (फंक्शनिंग लीगल नॉलेज, म्हणजे कायद्याचं व्यावहारिक ज्ञान) १ आणि एफएलके २ असे दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्न, एकूण ३६०. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आणि त्यातला 'सर्वांत योग्य' एक. प्रत्येक पेपर एका दिवसात, ९०-९० प्रश्नांच्या दोन सत्रांत. एका सत्राला २ तास ३३ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला १०२ सेकंद. पुस्तक नाही, नोट्स नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर, भारतातसुद्धा, ही परीक्षा देता येते. ती साधारण जानेवारी आणि जुलैत होते. पहिल्या वेळी दोन्ही पेपर एकाच सत्रात द्यावे लागतात. एकात नापास झालात तर पुढे तेवढाच पुन्हा द्यायचा.

एफएलके १ मध्ये व्यवसाय आणि कंपनी, दिवाणी वाद, करार, टॉर्ट (करारभंग सोडून इतर दिवाणी अपकृत्यं), घटनात्मक आणि प्रशासकीय कायदा, न्यायव्यवस्था, कायदेविषयक सेवा. एफएलके २ मध्ये मालमत्तेचे व्यवहार, मृत्युपत्र आणि इस्टेट, सॉलिसिटरचे हिशेब, जमीन कायदा, ट्रस्ट, फौजदारी. व्यावसायिक नीती दोन्हीकडे मिसळलेली असते.

भारतात शिकलेल्याला यातलं बरंच ओळखीचं वाटतं. धोका नेमका तिथेच आहे. आपला कायदा इंग्रजांकडूनच आला, पण मधल्या काळात दोन्ही बाजू आपापल्या वाटेने गेल्या. उदाहरण घ्या. एका माणसाने जानेवारीत मृत्युपत्र केलं, सगळं बहिणीच्या नावे. जूनमध्ये लग्न केलं. डिसेंबरमध्ये वारला. मुलं नाहीत. मालमत्ता कोणाची? पुण्यात शिकलेला हात 'बहिणीची' या पर्यायावर जातो, कारण हिंदूचं मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही. इंग्लंडमध्ये विल्स ॲक्ट १८३७ च्या कलम १८ प्रमाणे लग्नाबरोबर ते रद्द होतं (त्या विशिष्ट विवाहाचा विचार करून केलेलं असेल तर गोष्ट वेगळी), आणि मुलं नसल्यामुळे सगळं पत्नीला जातं. पाच पर्यायांत 'बहीण' मुद्दाम दिलेली असते.

असे सापळे विषयागणिक आहेत. करारभंगाच्या दाव्याची मुदत आपल्याकडे तीन वर्षं, तिकडे सहा. आधीच झालेल्या कामाचा मोबदला भारतीय करार कायद्यात चालतो. इंग्लंडमध्ये काही अपवाद सोडता चालत नाही. मोबदला तिसऱ्या माणसाने दिला तर आपल्याकडे हरकत नाही, तिकडे वचन मिळालेल्यानेच तो द्यावा लागतो. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीचा करार आपल्याकडे मुळातूनच शून्य; तिकडे जीवनावश्यक गोष्टी आणि हिताच्या नोकरीचे करार त्याला बांधतात. मृत्युपत्राच्या साक्षीदारांनी आपल्याकडे एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, तिकडे सही करताना दोघेही एकत्र समोर हवेत. कंपनीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस आपल्याकडे २१ दिवस, तिकडे खाजगी कंपनीला १४. एक वही करा, डावीकडे 'इथे', उजवीकडे 'तिथे'. रोज पाच ओळी भरल्या तर महिनाभरात अर्धी लढाई झाली. बाजारातल्या कोणत्याही नोट्समध्ये हे असं मांडलेलं सापडणार नाही, कारण त्या तिथल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या असतात.

दोन विषय अगदी नवे असतात. एक, जमीन आणि ट्रस्ट. कायदेशीर मालकी एकाकडे आणि लाभ दुसऱ्याकडे ही रचना आपल्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या सवयीत बसत नाही. तिला तिप्पट वेळ द्या. दुसरा, सॉलिसिटरचे हिशेब. आपल्याकडचा वकील सहसा अशिलाचे मोठे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवत नाही. तिकडे घरखरेदीची लाखो पौंडांची रक्कम सॉलिसिटरच्या अशील-खात्यातून जाते. हे खातं फर्मच्या पैशांपासून वेगळं ठेवायचं आणि दर पाच आठवड्यांनी तरी ताळा जुळवायचा. प्रश्न थोडे असतात, पण नोंदी कुठल्या खात्याच्या कुठल्या बाजूला पडतात हे हाताने केल्याशिवाय येत नाही. वीस-पंचवीस उदाहरणं वहीत सोडवा.

गुण ० ते ५०० च्या मोजपट्टीवर येतात. पास व्हायला ३०० लागतात. जानेवारी २०२४ मध्ये ५६ टक्के उमेदवार पास झाले, जुलै २०२४ मध्ये ४४ टक्के. म्हणजे जवळपास निम्मे नापास होतात. नोकरी सांभाळून तयारी करत असाल तर आठवड्याला १५ तास धरून सात-आठ महिने ठेवा. पहिल्या दोन महिन्यांतच सराव प्रश्न सुरू करा आणि शेवटच्या सहा आठवड्यांत निदान चार वेळा ९० प्रश्नांचं पूर्ण सत्र घड्याळ लावून सोडवा. ज्ञान असून नापास होणाऱ्यांचं कारण बहुधा साठाव्या प्रश्नानंतरचा थकवा असतो.

क्लासबद्दल एक इशारा. 'एसआरए-मान्य एसक्यूई कोर्स' अशी जाहिरात दिसली की थांबा. एसआरए तयारीच्या कोर्सना मान्यता देतच नाही. कोर्स सक्तीचा नाही, एलएलएमही नाही.

एसक्यूई २ : बोलणं, लिहिणं आणि हस्ताक्षर

दुसऱ्या टप्प्यात १६ कामं : १२ लेखी, ४ तोंडी. लेखी भाग तीन अर्ध्या दिवसांत, तोंडी दोन अर्ध्या दिवसांत. लेखी परीक्षा परदेशातल्या काही केंद्रांवर देता येते. तोंडीला मात्र इंग्लंड किंवा वेल्समध्ये जावंच लागतं. त्या प्रवासाचा खर्च आणि व्हिसाचा वेळ आधीच धरा. परीक्षेचं बुकिंग झालं म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही.

तोंडीत दोन मुलाखती आणि दोन युक्तिवाद. मुलाखतीला तयारीसाठी १० मिनिटं, अशिलाशी बोलायला २५ मिनिटं आणि मग टिपण लिहायला २५ मिनिटं. समोरचा अशील हा प्रशिक्षित माणूस असतो आणि तोच मुलाखतीचे गुण देतो. तेही कायद्याच्या ज्ञानाचे नव्हे, तर तुम्ही ऐकलंत का, विश्वास दिलात का, याचे. कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकाराला 'मुद्द्याचं बोला' म्हणायची सवय असलेला वकील इथे मार खातो. पहिली पाच-सात मिनिटं अशिलाला बोलू द्या. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जागच्या जागी द्यायलाच हवं असं नाही. 'तपासून लेखी कळवतो' हे चालतं, ठोकून दिलेलं चुकीचं उत्तर चालत नाही. नंतरचं टिपण हाताने लिहायचं असतं. बऱ्याच वर्षांत सलग तीन पानं हाताने लिहिलेली नसतील तर आजपासून लिहा.

युक्तिवादाला ४५ मिनिटं तयारी, १५ मिनिटं बोलणं. दर वाक्याला 'माय लॉर्ड' नको. डिस्ट्रिक्ट जजला 'जज' म्हणतात. न्यायाधीश मध्येच प्रश्न विचारतो, तेव्हा आधी त्याचं उत्तर द्या, मग आपल्या मुद्द्यावर या.

लेखी कामांत भारतीय वकिलांचे गुण एका गोष्टीवर हमखास जातात : कोर्टाच्या इंग्रजीवर. 'काइंडली डू द नीडफुल', 'द सेम', 'हिअरइनअबव्ह' हे सगळं विसरा. पत्र अशिलाला असेल तर दहावी शिकलेल्या माणसाला पहिल्या वाचनात कळेल असं लिहा : काय झालंय, तुमच्यापुढे कोणते मार्ग आहेत, प्रत्येकात काय धोका, आता तुम्ही काय करायचं. लेखनाच्या कामाला अवघी ३० मिनिटं असतात, मसुद्याला ४५, संशोधन आणि प्रकरणाच्या विश्लेषणाला ६०. कायदा आणि कौशल्य यांना सारखंच वजन आहे, त्यामुळे सुंदर भाषेतला चुकीचा सल्लाही बुडवतो.

भारतात दोन वर्षं किंवा अधिक प्रॅक्टिस झालेल्या वकिलाला एसक्यूई २ मधून सूट मागता येते. त्यासाठी नुसतं 'मी वकील आहे' पुरत नाही. त्या परीक्षेतली कौशल्यं तुम्ही प्रत्यक्ष कामात वापरली हे प्रकरणागणिक दाखवावं लागतं, आणि इंग्रजीचा पुरावाही. निर्णयाला महिने लागतात, म्हणून अर्ज एसक्यूई १ च्या तयारीच्या काळातच करा. एसक्यूई १ मधून सूट मिळेल या आशेवर मात्र राहू नका.

कोणत्याही पेपरला तीनच संधी, आणि पहिल्यांदा बसल्यापासून सहा वर्षांत सगळं संपवायचं.

सनद नसेल तर : दोन वर्षांचा अनुभव

हा अनुभव, ज्याला तिथे क्यूडब्ल्यूई म्हणतात, ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टपेक्षा सैल आहे. जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून दोन वर्षं पूर्णवेळ, किंवा अर्धवेळ असल्यास त्या प्रमाणात. पॅरालीगलची (वकिलाच्या सहायकाची) नोकरी चालते, लॉ क्लिनिक (मोफत कायदा सल्ला केंद्र) चालतं, परदेशातलं कामही चालतं. अट अशी की त्यावर इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने, किंवा त्या फर्मच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याने, शिक्कामोर्तब करायला हवं. मुंबई-पुण्यात इंग्लिश फर्म्सची कामं करणाऱ्या लीगल आउटसोर्सिंग कंपन्यांत काही ठिकाणी असे सॉलिसिटर असतात. नोकरी घेतानाच विचारा : 'माझं काम प्रत्यक्ष कोण पाहणार आणि तो नोंदीला तयार आहे का?' उत्तर लेखी घ्या. दोन वर्षांनी तो सॉलिसिटर नोकरी सोडून गेलेला असतो आणि नवा माणूस न पाहिलेल्या कामावर सही करत नाही, हा नेहमीचा गोंधळ आहे. त्यावर उपाय म्हणजे दर सहा महिन्यांनी नोंद मंजूर करून घेणं.

रोजनिशी आठवड्याला एकदा भरा. एका नोंदीत तारीख, प्रकरणाचा प्रकार (अशिलाचं नाव कधीच नाही), तुम्ही नेमकं काय केलंत, काय चुकलं आणि कोणी सुधारलं, आणि ते एसआरएच्या कोणत्या कौशल्यात बसतं एवढं पुरे. 'भाडेकराराचं परीक्षण केलं' ही नोंद निकामी आहे. 'व्यापारी भाडेपट्ट्यातलं मुदतपूर्व समाप्तीचं कलम तपासलं, नोटिशीची अट अशिलाच्या विरुद्ध असल्याचं दाखवलं, पर्यायी मसुदा दिला, वरिष्ठांनी दोन शब्द बदलले' ही खरी नोंद.

पैसा, नोकरी, व्हिसा

सप्टेंबर २०२४ पासूनच्या दराने एसक्यूई १ ची फी १,८८८ पौंड आणि एसक्यूई २ ची २,९०२ पौंड, मिळून ४,७९० पौंड होती. फी साधारण दर सप्टेंबरला वाढते. नापास झालात तर पुन्हा फी भरावी लागते. तयारीचा कोर्स आणि प्रवास वेगळा. कर्ज काढताना एका पुनर्परीक्षेची रक्कम त्यात धरा.

लंडनमधल्या काही बड्या फर्म्सनी २०२४ मध्ये नवख्या सॉलिसिटरचा पगार दीड लाख पौंडांवर नेला. तो आकडा मूठभर लोकांचा आहे. गावोगावच्या हाय स्ट्रीट फर्म्समध्ये, जिथे घरखरेदी, मृत्युपत्रं, इमिग्रेशन आणि कुटुंबाची कामं चालतात, पगार त्याच्या आसपासही नसतो. आणि इथेच व्हिसा आडवा येतो. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला सर्वसाधारण किमान पगार ४१,७०० पौंड आहे, किंवा त्या पदाचा ठरलेला दर त्याहून जास्त असेल तर तो. नवोदितांना काही सवलत मिळते. फर्मकडे स्पॉन्सर परवाना, म्हणजे परदेशी माणसाला नोकरीवर घेण्याची सरकारी परवानगी, असायला हवा. परवानाधारकांची यादी सरकारी संकेतस्थळावर खुली आहे. अर्ज करण्याआधी नाव त्यात शोधा, म्हणजे निम्मे अर्ज वाचतील. तिथे शिकून मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा असतो, पण १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. तेवढ्या काळात परीक्षा आणि नोकरी दोन्ही साधणं कठीण आहे. म्हणून निदान एसक्यूई १ भारतातून पास होऊन जाणंच शहाणपणाचं.

सनदेमुळे अनुभवाची अट कागदावर टळली तरी फर्म अनुभव विचारतेच. लवाद, कंपनी विलीनीकरण, बँकिंग, जहाज वाहतूक, बौद्धिक संपदा यांतला भारतीय अनुभव तिकडे चालतो. जिल्हा न्यायालयातल्या दिवाणी कामाचा अनुभव विकायचा तर साक्षीपुरावा, उलटतपासणी आणि मोठ्या कागदपत्रांचं व्यवस्थापन या शब्दांत मांडा.

कामाचं स्वरूपही बदलतंय. २०२५ मध्ये एसआरएने प्रथमच एआयवर चालणाऱ्या फर्मला परवानगी दिली. ती छोट्या थकबाकीच्या वसुलीची कामं करते. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या हायकोर्टाने आयिंदे प्रकरणात, अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल करणाऱ्या वकिलांना न्यायालयाच्या अवमानाच्या कारवाईपर्यंतची तंबी दिली. मुलाखतीत 'एआय वापरता का' असं हमखास विचारतात. 'वापरतो, आणि प्रत्येक निवाडा मूळ ठिकाणी उघडून पाहतो' असं उत्तर द्या, आणि ते खरं असू द्या.

नाव नोंदवताना

सगळं पास झाल्यावर एसआरएकडे प्रवेशाचा अर्ज. त्यात चारित्र्याची तपासणी होते : जुने गुन्हे, दिवाळखोरी, विद्यापीठातली कॉपी, बार कौन्सिलपुढची तक्रार, सगळं सांगायचं. निकाली निघालेली तक्रारसुद्धा. जुनी क्षुल्लक गोष्ट उघड केल्याने सहसा नाव नाकारलं जात नाही; लपवलेली सापडली तर अप्रामाणिकपणा म्हणून नाकारलं जातं.

रोलवर, म्हणजे सॉलिसिटरांच्या नोंदवहीत, नाव आलं म्हणजे लगेच प्रॅक्टिस करता येते असं नाही. त्यासाठी प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट वेगळं, त्याचं वर्ष १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर. ते नसताना ईमेलखाली नुसतं 'सॉलिसिटर' लिहिणं टाळा. 'नॉन-प्रॅक्टिसिंग' हा शब्द जोडा.

परत यायचा विचार असेल तर भारतीय सनद जिवंत ठेवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने मे २०२५ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार परदेशी वकील नोंदणी करून भारतात परदेशी आणि आंतरराष्ट्रीय कायद्यावर सल्ला देऊ शकतात. इथल्या न्यायालयात उभं राहू शकत नाहीत. भारतीय सनद असलेल्यालाही ती न सोडता तशी नोंदणी करता येते. म्हणजे इंग्लिश कायद्याचा सल्ला देणारा आणि मुंबई उच्च न्यायालयात उभा राहणारा माणूस एकच असू शकतो, पण त्यासाठी दोन्हीकडची वार्षिक फी आणि दोन्हीकडचे नियम पाळावे लागतात.